फक्त दूध, आणि जरासं पाणी

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. (पाय शिलाई मशीनवर असतील तर आधी मशीन थांबवा. निघताना नमस्काराला वाकलो तेव्हा तुम्ही पँटला टीप मारत होता आणि मशीनच्या पायडलने माझ्या कपाळाला जी टिचकी मारली तिची खूण अजून आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का, की अजून तुम्ही बोलायला लागलात की नेमका तेव्हाच येतो? माझी तब्येत उत्तम आहे. अक्षर वेडंवाकडं दिसतंय ते सहावीत शाळा सोडली म्हणून नाही, दुपारपासून मन ठिकाणावर नाही म्हणून. मला धक्का बसलाय, मामा. असा बसलाय की खानावळीत ताट समोर आलं आणि मी ते परत पाठवलं. माझ्यासमोरचं ताट भरलेलं परत गेलेलं तुम्ही जन्मात पाहिलं नसेल. खानावळवालाही घाबरला, त्याला वाटलं जेवणात काहीतरी निघालं.

आधी कामाचं सांगतो. सोमवारी मी ट्रकवाल्याबरोबर एक खोका पाठवलाय. तो वाटेत सतरा ठिकाणी माल उतरवत शनिवारी तुमच्या दुकानाशी पोचेल. आत काय आहे ते पुढे येईलच. तोवर एवढंच लक्षात ठेवा की तो उघडायचा नाही. आईनेही नाही. आईने तर मुळीच नाही. माझ्या पोरीचा प्रश्न आहे. (जिला अडीच महिन्यांत मी फक्त फोटोत पाहिलंय आणि जिचं नाव तुम्ही भोंगा ठेवलंय, तिचा.)

तुम्ही म्हणाल, मग फोन कर. मामा, घरी फोन एक, आणि तो आईच्या कमरेला. वाजला की ती आधी स्पीकरवर टाकते आणि मग 'बोल' म्हणते. त्या वेळी घरात बाबा असतात, धाकटा असतो, शेजारची काकू पीठ मागायला आलेली असते आणि वाटेने जाणारा कोणीही 'कोण, पोरगा का?' म्हणून थांबतो. मला जे बोलायचंय ते बाळाला पाजण्याबद्दल आहे. ते मी या सभेपुढे कसं बोलू? तुम्ही तर फोन बाळगतच नाही. ट्रकवाल्याचा लागत नाही. म्हणून पत्र. वाचताना मामींना जवळ बसवा. नाहीतर मामींनाच वाचायला द्या. नको, तुम्हीच वाचा, मामी मधेच हसतील आणि मग खोकला.

तुम्हाला वाटत असेल मी अजून टायरच्या दुकानात आहे. टायर सोडलं. त्यानंतर बेकरी धरली, सोडली. मग एका मोठ्या इमारतीत लिफ्टची बटणं दाबायचो, तीही सोडली (दिवसभर वरखाली करून माणूस संध्याकाळी तिथेच असतो, ते मला झेपलं नाही). आता दोन महिने मी काटा उचलतो. म्हणजे असं, की सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या आयांची पाहणी चाललीय, निम्म्या खेड्यातल्या, निम्म्या शहरातल्या. एक बाई कागद भरतात. बाळाचं वजन करायचा काटा आणि लांबी मोजायची फळी मी खांद्यावरून नेतो. त्यांना सगळे कागदवाल्या बाई म्हणतात, मला काटेवाला. आत्तापर्यंत दोनशे अकरा बाळं मी तोललीत, मामा, आणि त्यातल्या निदान चाळिसांनी माझ्या बाहीवर आपली सही केलीय. तुम्ही शिवलेला तो निळा शर्ट आता निळा राहिलेला नाही.

पहिला धक्का पहिल्याच दिवशी बसला. बाईंच्या कागदावर एक प्रश्न आहे. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाच्या तोंडात काय काय गेलं? पहिल्या घरातली आई ताठ मानेने म्हणाली, फक्त माझं दूध, बाकी काही नाही. मला वाटलं, झालं, उठा. पण बाई उठल्या नाहीत. त्यांनी यादी काढली आणि एकेक विचारायला लागल्या. पाणी? ती म्हणाली, पाणी तर देणारच ना, पाणी काय खाणं आहे? साखरेचं पाणी? ते फक्त रडली तर. मध? मध देत नाही हो, चाटवते नुसता. ग्राईप वॉटर? ते औषध. गाईचं दूध? ते सासूबाई देतात, मी नाही. चहा? यावर ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, ते यांना विचारा. नवऱ्याने बशी मागे सरकवली.

बाई एकेका उत्तरापुढे फुली मारत गेल्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, बाई, बिचारी फक्त दूधच देते की, आणि जरासं पाणी. त्यावर त्या म्हणाल्या, फक्त म्हणजे फक्त. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय थेंबही नाही. पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही, दुधातच हवं तेवढं पाणी असतं. पाणी नाही! मामा, मी रस्त्यातच काटा खाली ठेवला. आपण दारात आलेल्या वसुलीवाल्याला पाणी देतो, भांडायला आलेल्याला आधी पाणी देऊन मग भांडतो, आणि पोटच्या पोराला नाही? मला वाटलं बाईंना ऊन लागलं. मी त्यांना पाणी विचारलं. त्यांनी ते घेतलं, आणि पिऊन झाल्यावर तेच पुन्हा म्हणाल्या.

पुढचे सात आठवडे मी हेच ऐकलं. घरं बदलली, भिंती बदलल्या, उत्तर तेच. खेड्यात म्हणतात, बाळाला तहान लागते. शहरात म्हणतात, बाळाला दूध पुरत नाही. एका खेड्यात एक म्हातारी काटा बघून खवळली. 'आम्ही काय वजनं करून पोरं वाढवली? मी सात वाढवली, पहिल्या दिवसापासून पाणी, मध, सगळं. पहिलं पिवळं दूध तर काढून फेकलं.' बाई ऐकत होत्या. मग त्यांनी लिहिता लिहिता सहज विचारलं, 'सातही इथेच असतात का, आजी?' म्हातारी बोटं दुमडून मोजायला लागली, एक इथे, एक तालुक्याला, एक सासरी, आणि चौथ्या बोटाशी थांबून तिने पदराने तोंड पुसलं. 'तेव्हा जुलाबाची साथच होती,' म्हणाली. बाईंनी काही लिहिलं नाही. आम्ही निघालो तेव्हा तीच म्हातारी मागून येऊन सुनेला सांगत होती, 'ती मधाची बाटली कुठं ठेवलीस, दे इकडे.' मी ते ऐकलं, हादरलो, आणि खरं सांगतो, अर्ध्या तासात विसरलो. काटा जड असतो, मामा.

मला वाटायचं, हे सगळं गरिबाघरचं. शहरात शिकलेल्या बायका आहेत, तिथे आपला कागद गपकन भरेल. आठव्या मजल्यावर एक बँकेतली साहेबीण होती. लिफ्ट बंद (मी नोकरी सोडली की बंदच पडते बहुतेक), त्यामुळे काटा, फळी आणि बाईंची पिशवी घेऊन मी वर पोचलो तेव्हा माझंच वजन करायची वेळ आली होती. आत काय थंडावा, काय गुळगुळीत फरशी! आणि ओट्यावर दुधाच्या पावडरीचे डबे ओळीने, तुमच्याकडे रिळं असतात तसे. बाळ गुटगुटीत. मी मनात म्हटलं, वा! बाईंनी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, सहाव्या आठवड्यात कामावर गेले तेव्हापासून. ऑफिसात दूध काढायला जागा नव्हती. साहेबांनी प्रिंटरच्या शाईची खोली दिली, तिला आतून कडी नाही. ती कागदांच्या गठ्ठ्यावर बसून, पायाने दार दाबून दूध काढायची, आणि ठेवायला जागा नाही म्हणून बेसिनमध्ये ओतायची. 'रोज ओतायचे, मॅडम. घरी येऊन डबा उघडायचे.' हे सांगताना ती रडायला लागली. आठव्या मजल्यावर, एवढ्या फरशीवर बसून! मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी काट्याचं शून्य नीट करत बसलो. ते नीटच होतं.

आणि मामा, माझी अक्कल बघा. त्या घरातून खाली उतरताना मला काय सुचलं असेल? तो डबा. इतक्या मोठ्या घरातलं बाळ तो डबा पितं, तर माझ्या पोरीने का पिऊ नये? आई फोनवर रोज सांगत होती, भोंगा दिवसभर भोकाड पसरते, सुनेचं दूध पातळ आहे, अंगाला लागत नाही. फोटोत पोरीचं मनगट मला बारीकही दिसलं. त्यात पुढच्या महिन्यापासून तुमची भाचेसून पुन्हा गोदामात माल निवडायच्या कामाला जाणार. मी त्याच रस्त्यावरच्या दुकानात शिरलो आणि तस्साच डबा, एक बाटली आणि एक लोकरीची टोपी घेतली. तुम्ही ओळखलंच असेल, खोक्यात ते आहे. दुकानदाराने खोका बांधून दिला तेव्हा मला वाटलं, आज मी बाप झालो.

आता आज दुपारचं. खडीच्या खाणीजवळ पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे, तिथे खडी फोडणारी एक बाई. पोर पाच महिने बावीस दिवसांचं. कागदवाल्या बाईंनी नेहमीची यादी सुरू केली. पाणी? नाही. साखरेचं पाणी? नाही. मध? नाही. ग्राईप वॉटर? म्हणजे काय? गाईचं दूध? नाही हो बाई, गाय कुठली? बाईंचं पेन हळू होत गेलं. दोन महिन्यांत त्यांना संपूर्ण 'नाही' अशा आया मोजक्याच भेटल्या होत्या आणि या आठवड्यात तर एकही नाही. बाईंनी विचारलं, हे जमवलंत कसं? ती म्हणाली, नर्सबाईंनी एकदा सांगितलं होतं. आणि इथलं टँकरचं पाणी मी स्वतः नाक दाबून पिते, ते याला कशाला? दर दोन तासांनी मुकादमाची बोलणी खाऊन खोलीवर येते, पाजते, परत जाते. सासू म्हणते पोराला तहानेने मारशील. सहा महिने होऊ द्या म्हटलंय, मग घोटभर तुमच्या हातानेच पाजा. आठ दिवस राहिलेत.

मग बाई तिची उंची मोजायला तिला आत घेऊन गेल्या आणि पोर माझ्या हातात आलं. पत्रा तापलेला. पोराने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली आणि ओठ असे चाटले, असे चाटले, की मामा, मला राहवेना. दोनशे अकरा वेळा मी बाईंचा 'पाणी?' हा प्रश्न ऐकलाय. बाई आजारी पडल्या तर ती यादी मी तोंडपाठ म्हणू शकतो. पण हाताला कुठे शाळा असते? माझ्या हाताने बाटलीचं झाकण उघडलं, रुमालाचं टोक बुडवलं आणि पोराच्या ओठांना लावलं. ते चोखायलाही लागलं! मी खूश होऊन त्याला म्हणतोय, पी राजा, पी. आणि वर बघतो तर दारात दोघी.

त्या आईने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने पोर घेतलं, हनुवटीवरचा थेंब बोटाने पुसला आणि ते बोट बघत राहिली. 'पाणी?' म्हणाली. मी म्हटलं, 'जरासंच.' मामा, मी तेच म्हणालो. पहिल्या घरापासून ज्यांच्या ज्यांच्या कागदावर बाईंनी फुली मारली ते सगळे जे म्हणाले, तेच. ती म्हणाली, 'पाच महिने बावीस दिवस मी सासूशी भांडले, दादा. आणि तुम्ही काटा घेऊन आलात म्हणून तुमच्या हातात दिला.' कागदवाल्या बाईंनी घड्याळ बघितलं आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, प्रश्न काल सकाळपासून आज सकाळपर्यंतचा आहे, आता दुपार आहे, कागद बदलत नाही. मी सुटलो म्हणून श्वास सोडला. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की तो परत आत घेतला.

मग ती आई खाली बसून पाजायला लागली, मी तोंड फिरवून उभा. तिने पाठमोऱ्यालाच विचारलं, 'तुमचं आहे का घरी?' आहे म्हटलं, अडीच महिन्यांची. 'काय पिते?' आता इथे तरी माझी लाज राहील म्हणून मी छाती काढून म्हणालो, 'डबा पाठवलाय सोमवारी! मोठ्या घरात असतो तो.'

 मग त्या आईने विचारलं, 'आणि ती पावडर कालवणार कशात?' आणि मामा, तिथे मला तो धक्का बसला, ज्याने ताट परत गेलं. पाण्यात. आपल्या टाकीच्या पाण्यात. ज्या टाकीतून मागच्या वर्षी कबुतर निघालं आणि बाबा म्हणाले, तरीच चार दिवस चव वेगळी लागत होती. आणि कालवणार कोण? आई. जी साबणाची वडी दोऱ्याने कापून निम्मीच बाहेर काढते. डब्यावर लिहिलंय एक चमचा, ती घालणार अर्धा, उरलेल्या जागी पाणी, म्हणजे डबा दोन महिने पुरला म्हणून गावभर सांगता येईल. असं एक घर मी पाहिलंय. बाटली पांढरी दिसते आणि बाळ काट्यावर वर सरकत नाही.

परत येताना बाई मला रस्ताभर शिकवत होत्या, मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात लक्ष दिलं. बाळ रडतं ते नेहमी भुकेनेच असं नाही. दूध पातळ बिळ काही नसतं. बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध तयार होतं, बाटली दिली की ओढणं कमी आणि दूधही कमी. (तुमच्या मशीनसारखंच, गिऱ्हाईक येत राहिलं तर चालतं, नाहीतर गंजतं.) कामाला जाताना दूध हाताने काढून, उकळून घेतलेल्या झाकणाच्या वाटीत ठेवता येतं, सावलीत चार तास टिकतं, आणि ते माझ्या आईने वाटी-चमच्याने पाजावं, बाटली नको. म्हणजे आईच्या हाताला कामही राहील. हे तेवढं आईला पटेल, काम दुसऱ्याला दिलेलं तिला चालत नाही.

तर मामा, आई फक्त तुमचं ऐकते. तुम्ही तिचे थोरले भाऊ, शिवाय तिचे ब्लाउज तुमच्याकडे असतात. कृपा करून तिला एवढं समजावा. घरी सर्वांना नमस्कार, धाकट्याला एक धपाटा, मामींना खोकल्यासह नमस्कार.

तुमचा भाचा,
काटेवाला

ता. क. टोपी तेवढी काढून द्या. डबा कात्रीखालच्या खणात ठेवा आणि बाटलीत मशीनचं तेल भरा, म्हणजे पुन्हा कोणाला मोह नको.

ता. क. दुसरा. वर मी सगळं आईवर ढकललंय. खरं असं, की रविवारी फोनवर मीच आईला म्हणालो, डबा पोचला की त्याच दिवशी सुरू कर, हिचं दूध पुरत नाही. मागून तुमची भाचेसून म्हणाली, 'पुरतंय की.' मी म्हणालो, 'तुला काय कळतं?' स्पीकर चालू होता. सगळ्यांनी ऐकलं, पिठाला आलेल्या काकूनेही. त्यानंतर ती फोनवर आलेली नाही. माफी मागायची तर तीही तेवढ्याच लोकांसमोर मागावी लागेल, असं बाई म्हणाल्या. त्या यादी सोडून सहसा बोलत नाहीत.

ता. क. तिसरा. पोस्टातला माणूस म्हणाला, पत्राला आठ दिवस लागतील. आज बुधवार, खोका शनिवारी. मी दोनदा मोजलं. म्हणून हे पत्र मी टाकलंच नाही. बाईंनी रविवारपर्यंत रजा दिली आणि वर काटाही दिला. म्हणाल्या, आईशी भांडू नकोस, जन्माचं वजन कार्डावर आहे, आजचं करून दाखव, दूध पुरतंय की नाही ते आकडाच सांगेल. तर मामा, तुम्ही हे वाचताय तेव्हा समोरच्या बाकावर मांडीवर काटा घेऊन जो बसलाय, तो मीच. तोंडाने सांगता येणार नव्हतं. वर बघू नका, मला लाज वाटते. वाचून झालं की दुकान ओढून घ्या आणि माझ्याबरोबर घरी चला. पोरीला मी अजून उचललेलं नाही, आणि तिच्या आईसमोर काय बोलायचं ते वाटेत माझ्याकडून पाठ करून घ्या. पिठाला येणाऱ्या काकूला तेवढं बोलावून आणा.